चर्चगेट ते विरार एवढा देश

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. मॉरिशसचं उत्तर टोक ते दक्षिण टोकही साधारण तेवढंच. रुंदी ४५ किलोमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ डोळ्यांसमोर आणायचं तर गोव्याचे दोन सारखे तुकडे करा, त्यातला एक म्हणजे मॉरिशसचं मुख्य बेट. एवढ्याशा जागेत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं, एक संसद, एक मेट्रो, मैलोन्‌मैल ऊस, आणि रस्त्यावर इतके राउंडअबाउट की पहिल्या दिवशी गरगरायला होतं.

आपल्याकडे मॉरिशस म्हणजे हनिमून पॅकेज. हॉटेलातून निघायचं ते एसी व्हॅनने, परतायचं ते एसी व्हॅनने, मधे चार ठिकाणी उतरून फोटो. मालवणला जाऊन हॉटेलच्या तलावात डुंबण्यातलाच हा प्रकार. या बेटाची गंमत रस्त्यावर आहे, त्यातही बसमध्ये. तिथलीच ही चटकमटक, हाताला लागेल तशी.

दीड तास उसना

मुंबईहून थेट विमान साडेसहा तासांच्या आतबाहेर पोचवतं. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे. हा दीड तास परतताना फेडावा लागतो, तेव्हा फार हुरळू नका. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढायला लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी ठेवला की झालं. मे महिन्यात निघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिकडच्या दोस्ताला हापूसची पेटी न्यावी असा मोह होतो, पण परवान्याशिवाय ताजी फळं, रोपं, बिया आत नेता येत नाहीत. पेटी घरीच संपवा.

विमानतळाला नाव सर शिवसागर रामगुलाम यांचं. नाण्यावर चेहरा त्यांचाच, पांप्लमूसच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाला नावही त्यांचंच. स्वतंत्र मॉरिशसचे ते पहिले पंतप्रधान. स्वातंत्र्याची तारीख १२ मार्च १९६८, आणि ती दांडीयात्रेच्या दिवसावरून निवडलेली. खुद्द गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना वाटेत इथे थांबले होते.

नोटा न्याहाळून बघा. चलन रुपयाच, पण आपल्यापेक्षा महाग. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर देवनागरी तमिळच्या वर छापली गेली. तमिळ समाज खवळला, आणि त्या नोटाच मागे घ्याव्या लागल्या! तिथे २५ रुपयांची नोटही आहे. सुटे देताना दुकानदार ती देतो आणि आपण ती दोनदा वाचतो. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयही सुरू झालंय, मात्र बसमध्ये आणि हातगाडीवर रोख लागते. आणि भिंतीवरचे प्लग पॉइंट: काही इंग्रजी पद्धतीचे, चौकोनी तीन दांड्यांचे, तर काही फ्रेंच, दोन गोल दांड्यांचे. एकाच खोलीत दोन्ही. देशाचा अख्खा इतिहास तुमच्या चार्जरला कळतो.

नाशिक, पण उलटं

नाशिक विषुववृत्ताच्या जितकं वर, पोर्ट लुई जवळपास तितकंच खाली. त्यामुळे उष्ण कटिबंध तोच, ऋतू मात्र पालथे. आपल्या मे-जूनमध्ये तिथे हिवाळा लागतो. समुद्रकाठी तो जाणवत नाही, पण बेटाच्या मधल्या पठारावरच्या क्युरपीपला संध्याकाळी भुरभुर पाऊस आणि गार वारा. हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर, आपल्या लोणावळ्यापेक्षा थोडंसंच खाली. पर्यटक चड्डी-टीशर्टमध्ये कुडकुडत उभे असतात आणि गावकरी स्वेटर घालून त्यांच्याकडे बघतात.

दुपारचा सूर्य वर्षातला बहुतेक काळ उत्तरेला दिसतो. सावलीवरून दिशा ओळखणारे आपल्यासारखे लोक पहिले दोन दिवस चुकीच्या बाजूला चालत जातात. मी गेलो.

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. इशारे एक ते चार वर्गांत देतात. तिसरा वर्ग लागला की बस बंद, सगळे घरी. चौथा वर्ग म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत बेटावर येऊन थडकलेत. पाहुण्यालाही हे आकडे पाठ असलेले बरे.

सगळ्यात उंच डोंगर ८२८ मीटर. कळसूबाई १६४६. म्हणजे निम्माच. पण डोंगरांचे आकार असे चमत्कारिक, की उंची विसरायला होते. पीटर बोथ नावाच्या सुळक्याच्या टोकावर एक भलाथोरला धोंडा बसलाय, माणसाच्या डोक्यासारखा. तो इतकी वर्षं पडला कसा नाही, हे बघण्यातच बसचा अर्धा रस्ता संपतो.

बसची गोष्ट

पोर्ट लुईत उत्तरेकडच्या बस सुटतात त्या जागेचं नाव इमिग्रेशन स्क्वेअर. बहुतेक प्रवासी इथून ग्रां बेच्या बीचवर जातात आणि बसस्टँडच्या शेजारी काय आहे ते न बघताच जातात. शेजारी आहे आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर बंदरात उतरले. गुलामगिरी बंद होत होती, उसाला माणसं हवी होती, आणि मुदतीच्या करारावर माणसं आणण्याचा ब्रिटिशांचा हा मोठा प्रयोग इथून सुरू झाला. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर आले. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या जागतिक वारसा यादीत आहेत, २००६ पासून. बस सुटायला वीस मिनिटं असली तरी बघून होतात. जरूर बघा.

आता बस. अनेक गाड्या आपल्याच अशोक लेलँडच्या. त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकला की डोळे मिटून एसटीत बसल्यासारखं वाटतं. कंडक्टर येतो, तिकीट देतो, कुठे उतरायचं विचारतो. गाव सांगितलं की तो एकदा तुमचा उच्चार दुरुस्त करतो, मग तिकीट. विद्यार्थी आणि साठीपुढच्या स्थानिकांना बसप्रवास फुकट, २००५ पासून. त्यामुळे सकाळी अकराच्या बसमध्ये सगळ्या आज्या. पिशवीत पालेभाजी, हातात छत्री, आणि तोंडाने क्रियोल भाषेत अखंड गप्पा. मध्येच एखादी ‘आयो!’ म्हणते, अगदी आपल्या चाळीतल्या सुरात. (ते आपलं नव्हे, तमिळ लोकांचं देणं. तरीही मान वळतेच.)

गाडी डावीकडून चालते, कारण ब्रिटिश. गावांची नावं फ्रेंच, कारण त्यांच्या आधी फ्रेंच. त्यांच्याही आधी डच होते. १५९८ मध्ये आले, राजपुत्र मॉरित्सचं नाव बेटाला दिलं, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. मधल्या काळात डोडो पक्षी संपला. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. दिसतो तो टीशर्टवर. १८१० मध्ये ग्रां पोरच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी ब्रिटिशांना असं बडवलं की पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलंय. गंमत म्हणजे चार महिन्यांत ब्रिटिशांनी अख्खं बेटच घेतलं. शरणागतीच्या अटींत मात्र लोकांची भाषा, कायदे, धर्म तसेच राहू दिले. म्हणून आज संसद इंग्रजीत चालते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये निघतं, भांडण क्रियोलमध्ये होतं आणि टीव्हीवर हिंदी सिनेमा लागतो.

खिडकीतून दिसतो तो ऊस. त्या उसात मध्येच काळ्या दगडांचे ढीग. काही तर नीट रचलेले, पायऱ्यापायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, जमिनीत दगडच दगड. नांगर चालावा म्हणून मजुरांनी ते हातांनी वेचून बाजूला रचले. गाइड ज्या ठिकाणी थांबवतात त्यात हे ढीग सहसा नसतात. माझ्या मते मॉरिशसमधलं सगळ्यात मोठं स्मारक हेच.

लोहमार्ग गेला, परत आला

१८६४ मध्ये इथे आगगाडी सुरू झाली. मुंबई-ठाण्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी. १८६६ ते ६८ मध्ये मलेरियाची भयंकर साथ आली आणि किनाऱ्यावरची पैसेवाली मंडळी वरच्या थंड पठारावर पळाली. पळता आलं ते रेल्वेमुळेच. क्युरपीप वगैरे गावं अशी फुगली. पुढे बस आल्या, मोटारी आल्या, १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही. रूळ उखडले.

मग रस्ते तुंबले. सकाळी पोर्ट लुईत शिरायचं म्हणजे ठाण्याचा घोडबंदर रोड. शेवटी जुन्या आगगाडीच्याच वाटेने बऱ्याच ठिकाणी नवे रूळ पडले. ही मेट्रो बांधली लार्सन अँड टुब्रोने, मुख्यालय मुंबई. २०२० च्या जानेवारीत ती प्रवाशांना घेऊन धावू लागली, २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली. राजधानीतून बसलं की घामाने चिकटलेला शर्ट वर पोचेपर्यंत गार पडलेला असतो. स्वस्तात मिळणारी सहल म्हणून मी तिला पहिला नंबर देईन.

नावांची जत्रा

कात्र बोर्न म्हणजे चार हद्दी. पूद्र दोर, सोन्याची भुकटी. त्रू ओ बीश, हरणीचं भोक! त्रू दो दूस, गोड पाण्याचा खळगा. उत्तर टोकाला काप मालरो, दुर्दैवाचं टोक, आणि तिथे लाल छपराचं इतकं देखणं चर्च की लग्नाचे फोटो काढायला रांग लागते. क्युरपीपचा अर्थ ‘पाइप साफ कर’. चढणीवर थांबून सैनिक चिलीम साफ करायचे, अशी दंतकथा. दक्षिणेला बेनारेस नावाचं गावही आहे. फ्लिक आं फ्लाक हे नाव फ्रेंच वाटतं, पण ते डच शब्दांचा चुरा असावा म्हणतात. म्हणून बघा, जीभ मोकळी होते.

एक जोडी

भूक लागली की ‘दालपुरी’. मोटरसायकलच्या मागे काचेची पेटी बांधलेला विक्रेता, समोर घोळका. मागायची ती जोडीने: ‘अ‍ॅन पेर.’ एक जोडी. तो चवडीतून दोन पातळ, मऊ पुऱ्या उचलतो, एकीवर एक पसरतो. त्यावर मोठ्या पांढऱ्या वालाची उसळ, चमचाभर टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी. मग डोळे वर करून एकच शब्द: ‘पिमा?’ म्हणजे मिरची. ‘तिजित’ म्हणालात तर थोडी, आणि ती थोडी पण बेताची नसते. कागदात गुंडाळून हातात. पाच सेकंदांत पुढचं गिऱ्हाईक.

पुरणपोळीतून गूळ काढला की काय उरेल, तशी ही पुरी. ती बिहारातून आलेल्या मजुरांबरोबर आली. पण वडापाववाल्या माणसाने खरं बघावं ते ‘गातो पिमा’. वाटलेल्या डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे. सकाळी ते लोणी लावलेल्या पावात कोंबून खातात. पाव फ्रेंच, वडा भारतीय. दादरच्या आणि पोर्ट लुईच्या गाडीवाल्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, तरी दोघे तिथेच पोचले.

बाजारात (शब्दही ‘बाझार’च) भाज्यांची नावं ऐकत फिरा. कोतोमिली म्हणजे कोथिंबीर. ब्रेंझेल, वांगं. पिपांगाय, दोडका. मार्गोझ, कारलं. ब्रेद मुरूम, शेवग्याचा पाला. कारिपुले, कढीपत्ता. तमिळ, पोर्तुगीज, फ्रेंच, सगळं एकाच टोपलीत. किनाऱ्यावर अननस विकणारा त्याला जिन्यासारख्या खाचा पाडून सोलतो आणि मीठ-तिखट लावून देतो. हे खाल्ल्याशिवाय आलात तर सांगू नका कोणाला.

आपली माणसं

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले बरेच. आज मॉरिशसमध्ये मराठी समाज हजारोंच्या घरात, मुख्यतः पश्चिम भागात आणि पठारावर. नोंद करताना कारकुनांनी पहिली नावंच आडनावांच्या जागी टाकली, ती तशीच राहिली. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी. पहिला गणपती १८९६ मध्ये कास्कावेल भागात भिवाजी कुटुंबाने बसवला असं सांगतात, म्हणजे लोकमान्यांच्या सार्वजनिक उत्सवानंतर तीनच वर्षांनी. तिथे गणपतीपुढे नाचतात त्याला ‘झाकरी’ म्हणतात. रत्नागिरीच्या माणसाला हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. जाखडी! गोल करून, पाय आपटत, तसाच. बोलायला गेलात तर तरुण मुलं क्रियोलमध्ये उत्तर देतील, पण आरती पाठ असते. मराठी शाळेत शिकता येतं, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही. स्थलांतरितांच्या जहाजनोंदींचं दप्तरही याच संस्थेत आहे. पणजोबांच्या गावाचा शोध घेणारे तिथे जातात.

महाशिवरात्रीच्या आसपास गेलात तर गाडी भाड्याने घेऊच नका. लाखो माणसं घरून पायी गंगा तलावाकडे निघतात, खांद्यावर सजवलेली कावड घेऊन. हे तळं एका मृत ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेलं गंगाजल ओतलं. काठावर १०८ फुटी महादेव उभा आहे, बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीच्या धर्तीवरचा. वाटेवर लोक मांडव टाकून चालणाऱ्यांना सरबत, फळं, जेवण फुकट वाटतात. वारीच्या वाटेवरच्या गावांची आठवण येतेच.

समुद्र, आणि थोडं खरं खरं

बेटाभोवती प्रवाळाची जवळजवळ पूर्ण तटबंदी. लाटा बाहेर फुटतात, आत पाणी तळ्यासारखं. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ही तटबंदी तुटते, आणि तिथे समुद्र काळ्या कड्यांवर असा आदळतो की पोहण्याचा विचारही येत नाही. दोन्ही बघा. उथळ पाण्यात रबरी बूट घाला. समुद्री अर्चिनचा काटा पायात मोडला की सहलीचे दोन दिवस गेले.

शामारेलची सात रंगांची माती: छान आहे, पण लहान. फोटोत मैदान वाटतं, प्रत्यक्षात एक वावर. बसाल्ट झिजून झालेल्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम वेगवेगळे झाले, त्याचे हे रंग. तासभर पुरे. ल मॉर्नजवळचा ‘पाण्याखालचा धबधबा’ तर धबधबाच नाही. प्रवाळाच्या कडेवरून खोलात सरकणाऱ्या वाळूमुळे होणारा तो डोळ्यांचा भास, आणि तोही फक्त आकाशातून. हेलिकॉप्टरचे पैसे वाचवा. त्यापेक्षा ल मॉर्नचा डोंगर खालून बघा, ५५६ मीटरचा सरळसोट कातळ. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि कपारींत लपत. हीही जागतिक वारशातली जागा.

पोर्ट लुईत पाऊस लागला तर ब्लू पेनी संग्रहालय. १८४७ ची टपाल तिकिटं, जगातल्या सर्वात महागड्यांपैकी. उजेडाने रंग उडू नये म्हणून खरी तिकिटं तासातून जेमतेम दहा मिनिटं दाखवतात, बाकी वेळ नकला. घड्याळ बघून आत शिरा.

एक कायदा पाठ करून ठेवा. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे, कुठल्याही हॉटेलचा नाही. रविवारी तिथली कुटुंबं बस ठरवून, बिर्याणीचे टोप घेऊन सुरूच्या झाडांखाली येतात. शेकोटीवर शेकलेली रावान वाजते, बकऱ्याच्या कातड्याची ती मोठी खंजिरी, आणि सेगाचा नाच सुरू होतो. पाहुणा जवळ घुटमळला तर ताट पुढे येतं.

टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. आणि बसने गेलात तर उतरतानाच कंडक्टरला शेवटची गाडी विचारून ठेवा. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात, काही ठिकाणी सहा-साडेसहालाच.